एक्स-रे स्वच्छ, तरी उपचार सुरूच

खोकताना रक्त पडले की मनात पहिली शंका येते ती क्षयाची. एकाएकी दम लागला तर हृदयाची, फिट आली तर मेंदूची, वजन उतरून हातांना कंप सुटला तर थायरॉईडची. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी गर्भाशयातला आजार असू शकतो, हे रुग्णाच्याच काय, तपासणाऱ्या डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही. कोरिओकार्सिनोमा हा असाच एक दुर्मीळ कर्करोग. तो सुरू होतो गर्भाशयात, पण पुष्कळदा त्याचा पहिला सुगावा लागतो फुफ्फुसात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा रोग एकदा शरीरात पसरला की बहुतेक वेळा वर्षभरात त्या स्त्रीचा जीव घेत असे. आज तो औषधांनी बरा होतो, आणि बरी झालेली स्त्री पुढे आईही होऊ शकते. हा पालट ज्यांच्या कामाने सुरू झाला, ते डॉ. मिन च्यू ली. या कामाचे कौतुक त्यांच्या वाट्याला बऱ्याच उशिरा आले. आधी आली ती नोकरीवरून गच्छंती.

ली यांचा जन्म १९१९ मधला, चीनमधला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी ईशान्य चीनमधल्या मुकडेन शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. हे शहर आता शेनयांग या नावाने ओळखले जाते. स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी ते महाविद्यालय उभारले होते. १९३१ पासून १९४५ पर्यंत हा सारा मुलूख जपानच्या ताब्यात होता. जपानी गेले आणि पाठोपाठ चीनमध्ये यादवी पेटली. अशा धामधुमीत १९४७ मध्ये ली अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवाणूशास्त्र आणि प्रतिकारशक्तीचे शास्त्र शिकायचे, एवढाच त्या प्रवासाचा हेतू होता. पण १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली आणि मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाला. शिकायला गेलेला तरुण डॉक्टर अमेरिकेतच राहिला आणि पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल या कर्करोगाच्या रुग्णालयात कामाला लागला.

कोरिओकार्सिनोमाची गाठ तिथे पडली. या रोगाच्या गाठींमधून रक्तस्राव होऊन एक तरुण स्त्री काही तासांत दगावली, ते ली यांनी जवळून पाहिले होते. हाती काहीच उपाय नसताना डोळ्यांदेखत रुग्ण जाणे डॉक्टरांना नवे नसते. पण या रोगाबद्दल दोन गोष्टी तेव्हाही ठाऊक होत्या, आणि त्या एकत्र जोडून पाहण्याचे काम ली यांच्या हातून पुढे व्हायचे होते.

वारेतून उपजणारा कर्करोग

त्यासाठी हा आजार नेमका काय आहे, ते समजून घ्यायला हवे. दिवस राहतात तेव्हा गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात आणि त्यातून वार तयार होते. बाळाला आईच्या रक्तातून पोषण मिळायचे तर या पेशींना असे आत घुसावेच लागते. मात्र ठरावीक खोलीवर जाऊन त्या थांबतात. कधी कधी गर्भधारणेतच चूक होते. बाळ वाढतच नाही, वारेचे अंकुर तेवढे पाणी भरून फुगत जातात आणि गर्भाशय द्राक्षांच्या घडासारख्या फुग्यांनी भरून जाते. यालाच द्राक्षगर्भ म्हणतात. त्याची पिशवी साफ केल्यावर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. काहींच्या शरीरात मात्र या पेशी मागे राहतात आणि वाढू लागतात. त्यांतल्याच थोड्यांमध्ये त्या थांबायचे पूर्ण विसरतात, रक्तवाहिन्या फोडून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर फुफ्फुसात, योनीमार्गात, यकृतात, मेंदूत जाऊन रुजतात. हा कोरिओकार्सिनोमा. तो द्राक्षगर्भानंतर होतो, तसाच गर्भपातानंतर, नळीतल्या गर्भानंतर आणि अगदी सुखरूप बाळंतपणानंतरही होऊ शकतो. गरोदरपण आणि आजार यांच्यात कधी काही आठवड्यांचे अंतर असते, कधी काही वर्षांचे.

इतर कर्करोग आपल्याच शरीरातल्या पेशी बिघडून होतात. हा उपजतो गर्भाच्या पेशींतून, म्हणजे त्यात बापाकडून आलेली जनुकेही असतात. ही गोष्ट कळायलाही वेळ लागला. १८८९ मध्ये जर्मनीत माक्स झेंगर यांनी या आजाराचे वर्णन केले, तेव्हा तो गर्भाशयाच्या अस्तरातून वाढतो असा त्यांचा समज होता. फेलिक्स मार्शां यांनी १८९५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवून दिले, की या पेशी आईच्या नाहीत, वारेच्या आहेत.

वारेच्या पेशींची एक खूण असते. त्या एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात आणि ते रक्तातून लघवीत उतरते. बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ट त्सोंडेक यांनी १९२७-२८ च्या सुमारास याच संप्रेरकावरून गरोदरपण ओळखण्याची चाचणी काढली. स्त्रीची लघवी वयात न आलेल्या उंदराच्या मादीला टोचायची. त्या स्त्रीला दिवस गेलेले असतील तर काही दिवसांत उंदराचे बीजकोश पक्व होतात. द्राक्षगर्भात आणि कोरिओकार्सिनोमात हे संप्रेरक भरमसाट प्रमाणात सापडते, हेही लवकरच लक्षात आले. म्हणजे हा कर्करोग शरीरात कुठेही दडून बसला असला, तरी लघवीत आपली खूण सोडत होता. ली यांच्या हातातला हा पहिला धागा.

मुंबईहून निघालेला दुसरा धागा

दुसरा धागा औषधाचा. त्याचे एक टोक मुंबईत सापडते. १९२८ मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांतल्या कष्टकरी बायकांना गरोदरपणात जीवघेणा पांडुरोग का होतो, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. या बायकांच्या निकृष्ट आहारात काहीतरी कमी आहे आणि यीस्टच्या अर्काने ती उणीव भरून निघते, असे त्यांनी दाखवून दिले. ते निबंध १९३१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी दिली जाते, ती हीच.

वेगाने वाढणाऱ्या पेशींना फॉलिक ॲसिडवाचून नवी पेशी बनवता येत नाही. ते रोखले तर वाढच रोखली जाईल, असा विचार पुढे आला. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने आधी फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले आणि मग त्याच्यासारखी दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी रसायने बनवली. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांतले एक रसायन रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. मुले काही काळ सुधारली, पण रोग परतला. त्याच वर्षी सुब्बाराव न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या रसायनांपैकी मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

पन्नाशीच्या दशकात आणखी एक निरीक्षण पुढे आले. फॉलिक ॲसिड अडवणारी औषधे गरोदर स्त्रीला दिली की गर्भ टिकत नाही. म्हणजे गर्भाच्या आणि वारेच्या पेशी या औषधांपुढे विशेष दुबळ्या होत्या. मग वारेच्याच पेशींतून झालेल्या कर्करोगाचे काय?

बेथेस्डातली दोन वर्षे

१९५५ मध्ये ली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुजू झाले. वॉशिंग्टनलगतच्या बेथेस्डा इथे सरकारने संशोधनासाठी खास रुग्णालय बांधले होते. ते सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. ली ज्यांच्या हाताखाली होते, ते रॉय हर्ट्झ संप्रेरकांचे जाणकार. स्त्रीच्या जननेंद्रियांची वाढ फॉलिक ॲसिडवाचून नीट होत नाही, हे हर्ट्झ यांनी आधीच प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाहिलेले होते. त्यामुळे कोरिओकार्सिनोमावर मेथोट्रेक्सेट देऊन पाहावे, ही कल्पना त्या विभागात रुजायला जमीन तयार होती.

तोवर या रोगावर एकच इलाज होता, गर्भाशय काढून टाकणे. रोग गर्भाशयापुरता असेल तर त्याने काही बायका वाचत. फुफ्फुसात गेलेला रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडचा. कर्करोगावर औषध देऊन तो कायमचा बरा करता येईल, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. औषधाने गाठ चार महिने आकसली तरी खूप मिळवले, अशी समजूत होती.

१९५६ मध्ये ली यांनी जिच्यावर उपचार केले, त्या तरुण स्त्रीच्या फुफ्फुसांत रोगाच्या गाठी होत्या. गाठींतून छातीच्या पोकळीत इतका वेगाने रक्तस्राव होत होता, की बाहेरून रक्त पुरवणेही डॉक्टरांना जड जात होते. ती रात्र काढेल अशी फारशी कुणाला आशा नव्हती. तिला औषध दिले गेले. ती रात्र तिने काढली, नंतरचे दिवसही काढले. पाच दिवस औषध, मग शरीर सावरायला सवड, पुन्हा पाच दिवस औषध, असे फेरे सुरू झाले. एक्स-रेवरचे गोल पांढरे डाग लहान होत गेले आणि काही महिन्यांत दिसेनासे झाले. छातीचा एक्स-रे निरोगी माणसाचा असावा तसा दिसू लागला. शरीरभर पसरलेली कर्करोगाची गाठ निव्वळ औषधाने नाहीशी झाल्याचे असे चित्र डॉक्टरांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. अशा मोजक्या रुग्णांचा पहिला वृत्तांत ली, हर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला.

खरा पेच पुढे उभा राहिला. एक्स-रे स्वच्छ झाले, रक्तस्राव थांबला, बाई हिंडू-फिरू लागली. लघवीच्या चाचणीत मात्र एचसीजी अजून थोडे थोडे सापडत होते. तेव्हाची चाचणी किचकट होती. चोवीस तासांची लघवी साठवायची, तिच्यातला अर्क काढायचा, तो प्राण्यांना टोचायचा आणि परिणाम मोजायचा. इतक्या खटाटोपातून येणाऱ्या छोट्या आकड्याला किती किंमत द्यायची, हा प्रश्नच होता. ली यांचा हिशेब मात्र सरळ होता. हे संप्रेरक वारेच्या पेशींशिवाय दुसरे कोण बनवणार? बाई गरोदर नाही, मग लघवीत ते आले कुठून? म्हणजे एक्स-रेला न दिसणाऱ्या पेशी शरीरात कुठेतरी शिल्लक आहेत. त्या संपेपर्यंत, म्हणजे एचसीजी पूर्ण नाहीसे होईपर्यंत, औषध चालूच ठेवायचे असे त्यांनी ठरवले आणि तसेच करत राहिले.

संस्थेतल्या ज्येष्ठांना हे पटले नाही. त्यांचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवे. मेथोट्रेक्सेटने तोंड आणि घसा फोडांनी भरतो, केस गळतात, अस्थिमज्जेतले रक्त तयार होण्याचे काम मंदावते, जंतुसंसर्ग होतो. त्या काळात औषधाच्या विषारीपणानेच काही रुग्ण दगावले होते. ज्या बाईच्या अंगात रोगाचे एकही दृश्य चिन्ह नाही, तिला एका आकड्याखातर पुन्हा पुन्हा तसले औषध टोचायचे, ही अनेकांच्या लेखी माणसांवरची प्रयोगबाजी होती. ली ऐकायला तयार नव्हते. अखेर १९५७ मध्ये त्यांना संस्था सोडावी लागली. उपचार नको तितके लांबवतात, हाच त्यांच्यावरचा ठपका होता. ते न्यूयॉर्कला आपल्या जुन्या रुग्णालयात परतले.

बेथेस्डाला उपचार चालू राहिले आणि काळाने निवाडा दिला. एक्स-रे स्वच्छ दिसताच ज्यांचे औषध थांबवले, त्यांच्यात रोग पुन्हा डोके वर काढू लागला. संप्रेरक शून्यावर येईपर्यंत ज्यांना औषध मिळाले होते, त्या बऱ्या राहिल्या. हर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये पाच वर्षांचा ताळेबंद मांडला, तेव्हा रोग पसरलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या रोगमुक्त झालेल्या होत्या. आधी जिथे जवळपास सगळ्या दगावत, तिथला हा आकडा. पुढे आणखी औषधे जोडीला आली आणि तो वाढत गेला.

आकड्याला एवढे महत्त्व का, ते आज सहज समजते. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात. एक्स-रेवर गाठ दिसेनाशी होते, तेव्हा लाखो-कोटी पेशी शरीरात शिल्लक असू शकतात. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून औषध थांबवणे म्हणजे तण मुळासकट न उपटता वरवर छाटून शेत स्वच्छ झाल्याचे समाधान मानणे. आता तर एचसीजी नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही साधारण सहा आठवडे औषध चालू ठेवतात, कारण सर्वांत नाजूक चाचणीलाही न सापडणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. ज्या कारणासाठी ली यांना जावे लागले, त्याच्या एक पाऊल पुढची गोष्ट आज उपचारांचा नियम झाली आहे. इतर कर्करोगांतही शस्त्रक्रियेनंतर, काही दिसत नसताना, केमोथेरपी देतात. त्यामागचा विचार हाच.

नोकरी गेली म्हणून ली थांबले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ते पुरुषांच्या वृषणाच्या कर्करोगाकडे वळले. त्या कर्करोगाच्या काही प्रकारांतही एचसीजी तयार होते. पसरलेल्या वृषण-कर्करोगावर तीन औषधे एकत्र देऊन मिळालेले आशादायक निष्कर्ष त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांडले. नंतर ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मिनिओला गावातल्या नासाऊ रुग्णालयात गेले आणि आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर औषध देण्याच्या कामात गुंतले. इथेही त्यांचा विचार तोच होता. डोळ्यांआड उरलेल्या पेशींना गाठ होण्याआधीच गाठायचे.

१९७२ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार कर्करोगावर औषधोपचार शोधणाऱ्या डॉक्टरांच्या एका मोठ्या गटाला दिला गेला. त्यात कोरिओकार्सिनोमासाठी दोन नावे होती, रॉय हर्ट्झ आणि मिन च्यू ली. संस्थेतून बाहेर पडून पंधरा वर्षे झाली होती. १९८० मध्ये ली यांचे निधन झाले.

निदान चुकते कुठे

उपचार सापडला, म्हणून निदानाचा घोळ संपला असे नाही. हा आजार दुर्मीळ आहे आणि तो वेश पालटून येतो. फुफ्फुसातल्या गाठींमुळे खोकला, थुंकीतून रक्त, धाप अशी लक्षणे दिसतात, आणि आपल्याकडे अशा वेळी क्षयाचा संशय येणे स्वाभाविकच आहे. मेंदूत गेलेल्या गाठीतून रक्तस्राव झाला तर डोकेदुखी, झटके किंवा एकाएकी अर्धांग होते आणि एखाद्या तरुण बाईला पक्षाघात कसा झाला, हे कोडे पडते. एचसीजीची रचना थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ते फार वाढले की छातीत धडधड, घाम, कंप, वजन घटणे असा थायरॉईडचा त्रास सुरू होतो. गर्भाशयाच्या तक्रारी असल्या तरी बाळंतपणानंतर किंवा पिशवी साफ केल्यानंतर थोडे अंगावरून जायचेच, असे म्हणून घरीच दुर्लक्ष होते.

संशय आला तरी दुसरा धोका असतो. एरवी कर्करोगाचे निदान गाठीचा तुकडा काढून होते. या गाठी म्हणजे रक्ताने तट्ट भरलेला स्पंज. तुकडा घ्यायला जावे तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणूनच तुकडा न तपासता उपचार सुरू केले जातात, अशा अगदी थोड्या कर्करोगांपैकी हा एक आहे. अलीकडचे गरोदरपण, वाढत जाणारे किंवा खाली न येणारे एचसीजी आणि सोनोग्राफी, एक्स-रे किंवा स्कॅनमधले चित्र, एवढ्यावर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. ली यांनी ज्या आकड्यावर विश्वास टाकला, तो आता निदानाचाही आधार आहे.

अर्थात आकड्यालाही मर्यादा आहेत. काही व्यक्तींच्या रक्तातली इतर द्रव्ये चाचणीला फसवतात आणि एचसीजी नसतानाही ते असल्याचे दाखवतात. अशा खोट्या निकालावरून काही स्त्रियांना विनाकारण केमोथेरपी दिली गेल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. रक्तात एचसीजी दिसते आणि लघवीत मुळीच नाही, असे झाले तर ही शंका घ्यायची असते. याच्या उलटही घडते. संप्रेरक अतोनात वाढले की चाचणीची पट्टी गोंधळते आणि निकाल चुकून नकारात्मक येऊ शकतो. लक्षणे आणि निकाल जुळत नसतील तर प्रयोगशाळेला तसे कळवून दुसऱ्या पद्धतीने तपासणी करून घेतात.

सर्वसामान्य कुटुंबाने लक्षात ठेवायच्या गोष्टी मात्र सोप्या आहेत. द्राक्षगर्भाची पिशवी साफ झाली की काम संपत नाही. एचसीजी उतरून नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत ठरावीक अंतराने आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने तपासणी करावीच लागते. त्या काळात पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, कारण नव्या गर्भाचे एचसीजी आणि रोगाचे एचसीजी वेगळे ओळखता येत नाही. काढलेला भाग तपासणीला पाठवला होता का, हे विचारावे आणि तो अहवाल जपून ठेवावा. बाळंतपण किंवा गर्भपात होऊन सहा आठवडे उलटले तरी अंगावरून जाणे थांबत नसेल, तर अशक्तपणाच्या गोळ्यांवर भागवू नये. आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला कारण न सापडणारा खोकल्यातला रक्तस्राव, धाप किंवा झटके येत असतील, तर छातीच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांनाही मागच्या गरोदरपणाची हकिकत आपणहून सांगावी. द्राक्षगर्भ आशियाई स्त्रियांमध्ये पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडे ही हकिकत सांगण्याचे आणि विचारण्याचे महत्त्व अधिकच.

वेळेवर निदान झाले तर भीतीचे कारण नाही. कमी धोक्याच्या गटातल्या जवळपास सगळ्या स्त्रिया आज बऱ्या होतात आणि रोग दूरवर पसरलेल्यांपैकीही बहुसंख्य बऱ्या होतात. त्यांतल्या बऱ्याच जणींवर आजही मुख्य उपचार मेथोट्रेक्सेटचाच असतो. गर्भाशय सहसा काढावे लागत नाही आणि पुढे मुले होऊ शकतात.

ली यांना लास्कर पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी, १९७२ मध्ये, बेथेस्डाच्या त्याच संशोधन केंद्रातल्या ज्युडिथ व्हायटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी एचसीजी अचूकपणे आणि अत्यल्प प्रमाणातही मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये उरल्यासुरल्या पेशींचा माग काढता यावा, ही त्यामागची एक मोठी निकड होती. उंदीर टोचायचे दिवस संपले. त्या पद्धतीतूनच पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरच्या घरी करायची गर्भचाचणी बाजारात आली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की बहुतेक घरांत पेढ्यांची तयारी सुरू होते. पण दिवस राहण्याचे काहीच कारण नसताना त्या दोन रेघा दिसल्या, किंवा पिशवी साफ होऊन महिने लोटले तरी पुसल्या गेल्या नाहीत, तर त्या दुसरेच काहीतरी सांगत असतात. अशा वेळी पट्टी फेकून न देता ती घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.